माझ्या साडूंच्या मालकीचा नळ

"खाली उतर! आधी खाली उतर! तो खांब माझा आहे!"

भर दुपारी बोईसरच्या भाजीबाजारात ही आरोळी फुटली तेव्हा निम्म्या बाजाराने दचकून वर पाहिलं, आणि उरलेल्या निम्म्याने, ज्याला हा आवाज ओळखीचा होता, वांगी निवडणं चालू ठेवलं. दिव्याच्या खांबाला शिडी टेकवून एक इसम कुणा उगवत्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक बांधत होता आणि शिडीच्या तळाशी बंद छत्री भाल्यासारखी धरून माझे साडू उभे होते. "काका, खांब सरकारी हाय," वरचा नम्रपणे म्हणाला. "सरकारी म्हणजे कुणाचा? सरकारला काय हुंड्यात मिळाला? आज सकाळी मी साबण लावून अंघोळ केली, त्या साबणावरच्या करातून हा खांब उभा आहे. निदान बुडाकडचा हातभर तरी माझा आहे, आणि माझ्या हातभराला तुझी शिडी टेकली आहे. उतर!" साबणातून खांब कसा निघतो याचा विचार करता करता वरच्याच्या हातून सुतळीचा गुंडा सुटला, तो टोमॅटोच्या ढिगावर पडला, ढीग गटारात घरंगळला, टोमॅटोवाली पदर खोचून उठली, आणि पुढचा अर्धा तास मी, म्हणजे या सगळ्या प्रकरणाशी ज्याचा संबंध फक्त बायकोकडून येतो असा माणूस, गटारातून टोमॅटो वेचत होतो. साडू वरून शांतपणे म्हणाले, "गटारही आपलंच आहे, साडूबुवा. लाजू नका."

स्वतःला या देशाचे मालक समजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती बहुतेक मजेत असतात. देशावर वैतागलेली माणसंही पुष्कळ पाहिली. ती स्वतःला मालक समजत नाहीत. पण मालकही आणि वैतागलेलाही, म्हणजे घर भाड्याने देऊन पस्तावलेल्या घरमालकासारखा नागरिक अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने पसंत केला. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि आता रिक्षावाल्यांपासून ग्रामसेविकेपर्यंत सगळेच म्हणतात, जणू सगळ्या तालुक्याची बहीण त्यांना दिली आहे. दाजी मूळचे सांगलीकडचे. मिसरूड फुटायच्या सुमारास तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर लागले आणि निवृत्त होईपर्यंत दाबाच्या काट्याकडे डोळे वटारून बसले. वाफ कुठे गळते ते नुसत्या कानाने ओळखायचं आणि लगेच ओरडायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर बॉयलर सुटला, कान राहिला आणि ओरडणंही राहिलं. आता ते देशाची वाफ कुठे गळते ते ऐकत असतात.

गळतीची पहिली जागा म्हणजे दुकान, असं त्यांचं ठाम मत आहे. गिऱ्हाईक कर भरतं, दुकानदार तो पुढे पोचवत नाही, म्हणजे नळी वाटेतच फुटली. म्हणून दाजी काडेपेटीचंही पक्कं बिल मागतात. त्यांच्याबरोबर हॉटेलात चहाला बसणं म्हणजे घरी जेवायला उशीर होईल असा निरोप आधीच धाडण्याचं काम. चहा संपतो, बिल मागितलं जातं, पोऱ्या पळतो, मालक येतो, बिल येतं, मग बिलावरचा नंबर खरा की खोटा हे दाजी फोनवर तपासतात, फोनवर ते चक्र गरगर फिरत राहतं, मालक रडवेला होऊन दुसरा चहा पाजतो, आणि मग दाजी त्या फुकट चहाचंही बिल मागतात. एकदा सातपाटीला आम्ही पापलेट आणायला गेलो. मासेवालीशी भाव ठरला, मासे टोपलीतून निघाले, आणि मी ज्या क्षणाची धास्ती घेऊन बसलो होतो तो आलाच. "पक्कं बिल द्या," दाजी म्हणाले. "कसला बिल?" "कर भरल्याचं." "अरे बाबा, ताज्या म्हावऱ्याला कर नाय." "नाही कसा? सगळ्याला आहे!" त्या बाईने दाजींना आपादमस्तक न्याहाळलं, पापलेटचे डोळे जास्त समजूतदार आहेत अशी खात्री करून घेतली, आणि विचारलं, "तुला म्हावरा पायजे का कागद?" दाजी म्हणाले, "दोन्ही." तिने मासे वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवले. "ह्यो घे. दोनी आला." सगळा बाजार हसला. घर आल्यावर दाजी तडकले: "ती खरं बोलत असेल तर सरकारनं गरिबासाठी एक चांगली गोष्ट केलेली आहे. मग मला कळवली का नाही?"

दाजींचं सगळं अर्थशास्त्र एका साबणाच्या वडीत मावतं. त्यांच्याकडे भांडी घासायला बारकी नावाची बाई येत असे, टेकडीवरच्या पाड्यातली. दाजी म्हणत, "बारकी साबणाची वडी घेते आणि कारखान्याचा मालकही तीच वडी घेतो. कर दोघांना सारखा. तिच्या घरात त्या कराने भाजी कमी होते, त्याच्या घरात फेसही कमी होत नाही. बरं, घेताना सारखं घेता, तर देताना तरी तिला आधी द्या! पण नाही. पंगतीत वाढपी कायम व्याह्यांच्या बाजूने सुरुवात करतो. शेवटच्या पानाशी येईतो जिलेबी संपते, नुसता पाक उरतो. देश असा वाढला जातोय." इथवर कुणीही मान डोलावेल. मीही डोलावली, आणि तिथेच चुकलं, कारण ती त्यांनी परवानगी समजली. माझ्या पुतणीच्या लग्नात, पालघरच्या कार्यालयात, चालू पंगतीत दाजी उठले, जिलेबीच्या वाढप्याला दंडाला धरून दाराजवळच्या टोकाला नेलं आणि वाढायला लावलं. त्या टोकाला ड्रायव्हर, बँडवाले, मांडव घालणारे बसले होते. त्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा गरम जिलेबी गरम असताना खाल्ली आणि पुन्हा मागून घेतली. व्याह्यांच्या पानाशी पोचेपर्यंत परातीत पाक होता. नवऱ्या मुलाचे मामा कडाडले, "आम्ही काय इथे पाक चाटायला आलो?" दाजी हात जोडून म्हणाले, "आजवर दाराजवळचे चाटत होते मामा, ते कधी बोलले का?" मला त्या दिवशी स्टेशनरोडच्या मिठाईवाल्याकडे पिशवी घेऊन पळावं लागलं, आणि पुतणीला सासरी अजून सणासुदीला ही जिलेबी ऐकवली जाते.

दाजींचं गाव बोईसरला चिकटलेलं आहे. अर्धं शेत, अर्ध्या चाळी, मधून मधून गोदामं. मागे टेकडी, टेकडीवर बारकीचा पाडा, आणि पाड्याच्याही वर, जागा उंच म्हणून, पंचायतीची पाण्याची टाकी. टाकीतून निघालेला पाइप पाड्याला वळसा घालतो, खाली उतरतो, बंगल्यांना, दुकानांना, चाळींना पाणी देत देत अगदी शेवटी दाजींच्या गल्लीत येऊन संपतो. पाड्याला तोटी नव्हती. इतकी वर्षं दाजी गावात राहिले, टाकीवर हक्क सांगत राहिले, टाकीला रंग लागला तेव्हा रंगाऱ्याच्या डोक्यावर बसून राहिले, पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. ती आली एका सकाळी, बारकी उशिरा आली तेव्हा. दाजी नेहमीप्रमाणे उंबऱ्यात उभे राहून गरजले, "ही काय यायची वेळ झाली?"

"पानी आनाया गेलती, काका. खाली झऱ्यावर."

"झऱ्यावर कशाला? टाकी तर तुझ्या डोक्यावर आहे!"

बारकीने नळाखाली पातेलं धरलं. "टाकी आमच्या डोक्यावर हाय," ती म्हणाली, "पानी तुमच्या घरात हाय." आणि तिने तोटी सोडली.

त्या दिवशी दाजी बोलले नाहीत. जेवताना नाहीत, बातम्या लागल्या तेव्हा नाहीत, वीज गेली तेव्हासुद्धा नाहीत. संध्याकाळी आक्कांचा, म्हणजे माझ्या मेव्हणीबाईंचा, घाबऱ्याघुबऱ्या फोन आला: "हे ओरडत नाहीयेत हो! डॉक्टरला बोलावू का?" मी पालघरहून धावत गेलो तर दाजी अंगणातल्या नळाला कान लावून बसले होते. "साडूबुवा," ते म्हणाले, "गळती मी भलतीकडे शोधत होतो. ही तर आपल्याच घरात पडते आहे." मग मात्र त्यांनी आवाज लावला, आणि आक्कांनी देवापुढे साखर ठेवली.

ग्रामसभेत दाजींनी पाड्याच्या तोटीचा विषय काढला. तिथले सरपंच भला माणूस. दोष एवढाच की समोर बसलेल्या प्रत्येकाचं त्यांना पटतं. "इच्छा आहे हो दाजी," ते कळवळून म्हणाले, "पण पैसा कुठाय? घरपट्टी वसूलच होत नाही." दाजींनी विचारलं, "कोण भरत नाही?" यावर सभेतले सगळे एकदम पंख्याकडे बघू लागले. कोण भरत नाही ते पंख्यालाही ठाऊक होतं. गावच्या वेशीवर शेटजींची गोदामं आहेत, त्यांना लागून त्यांनीच उठवलेले बंगले आहेत, आणि या सगळ्यावरची पट्टी इतकी वर्षं थकली होती की ती गावाच्या पुरातन वास्तूंमध्ये मोजायला हरकत नव्हती. उलट पाड्यावरची एकूण एक झोपडी भरलेली. यात पाड्याचा काही विशेष सद्गुण नव्हता. रेशनला दाखला लागतो, पोरीच्या शाळेला दाखला लागतो, कुठे बाहेरगावी कामाला गेलं तरी दाखला लागतो, आणि पट्टी भरल्याशिवाय पंचायत गरिबाला दाखला देत नाही. शेटजींना एक तर दाखला लागत नाही, आणि लागलाच तर तो त्यांच्या घरी चहाला जातो.

दाजींनी कुठेतरी ऐकलं होतं की मोठ्या शहरांत थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवतात, लोक जमतात, आणि माणूस लाजेकाजेस्तव पैसे भरतो. सरपंचांना हेही पटलं. पण बँडवाल्याला द्यायला पैसे नव्हते, तेव्हा पाड्यावरचा तारपा वाजवावा असं ठरलं. बारकीचा सासरा रूपजीबाबा तारपा वाजवण्यात पंचक्रोशीत एक नंबर. भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य तोंडाला लावलं की म्हातारा दम कुठून घेतो ते कळत नाही. नवा भात देवाला दाखवल्यावरच तारपा खाली उतरतो, तो दाखवून झाला होता, सगळं जुळून आलं होतं. फक्त रूपजीबाबालाच पटत नव्हतं. "लाज काढाया तारपा नाय वाजवीत कोनी," तो म्हणाला. "तारपा वाजला का पाय हालतात. लाज काढायची तर दुसरा काय तरी आना." दाजी म्हणाले, "बाबा, शेटजींचे पाय हलत नाहीत. त्यांना गाडी आहे." मी बाजूला उभा होतो. मला म्हाताऱ्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं, पण दाजींनी माझ्या हातात 'थकबाकी भरा' अशी पाटी आधीच देऊन टाकली होती.

तर एका रविवारी सकाळी शेटजींच्या बंगल्याच्या फाटकासमोर आम्ही उभे राहिलो: पुढे रूपजीबाबा, मागे पाड्यातली पंधरावीस माणसं, मध्ये दाजी, आणि कडेला पाटीमागे तोंड लपवून मी. रूपजीबाबाने तारपा तोंडाला लावला. पहिला सूर निघाला आणि पाड्यातल्या बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले. दुसरा निघाला आणि फेर सुरू झाला. "नाचायचं नाही!" दाजी ओरडले. "लाज आणायची आहे!" पण फेर काय थांबतो? फाटकावरचा पहारेकरी, बिचारा बिहारकडचा, कितीतरी महिन्यांत घरी गेलेला नसावा, काठी भिंतीला टेकवून बाहेर आला. "कौन सा त्योहार है, चाचा?" आणि उत्तराची वाट न बघता फेरात शिरला. पाळी सुटलेले कामगार सायकली आडव्या टाकून शिरले. बंगल्यांच्या गच्च्यांवरून लोक उतरले. शेवटी शेटजींच्या शेठाणी बाहेर आल्या, त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला, बारकीच्या कमरेला हात घातला आणि नाचू लागल्या. मधोमध दाजी छत्री उगारून "थकबाकी! थकबाकी!" असे बोंबलत होते, आणि तो शब्द तारप्याच्या ठेक्यात इतका नेमका बसला की सगळा फेर "थकबाकी, थकबाकी" म्हणत घुमू लागला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, दाजींचा डावा पाय त्या वेळी हलत होता. ते नाकारतात. शेटजी स्वतः पेढे घेऊन आले, रूपजीबाबाला शाल घातली, दाजींच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला, आणि दुपारपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रुपवर फिरत होता: शेटजींनी जपली आदिवासी परंपरा. पट्टीचा पैसा काही आला नाही. उलट बाजारपेठेतले दोन थकबाकीदार सरपंचांना विचारून गेले, "आमच्याकडे कधी आणताय?" रूपजीबाबा पेढा चघळत एवढंच म्हणाला, "मी सांगलेला." दाजींनी शेटजींच्या पेढ्याचं बिल मागितलं नाही, यावरून त्यांची मनःस्थिती ओळखावी.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. दाजी पंचायतीत जाऊन बसले. शेटजींना गोदाम वाढवायचं होतं आणि त्यासाठी बँकेला, आयुष्यात प्रथमच, पंचायतीचा दाखला हवा होता, ही बातमी त्यांच्या बॉयलरच्या कानाने अचूक टिपली होती. मग काय! ग्रामसेविकेच्या खोलीबाहेरच्या बाकावर सकाळी पंचायत उघडायच्या आधीपासून दाजी हजर: डबा, पाण्याची बाटली, छत्री. जो येईल त्याला विचारायचे, "कुठला दाखला? पट्टी भरलीय का?" जन्माचा दाखला घ्यायला आलेला एक बाप त्यांना पाहून नाव न ठेवताच परत गेला म्हणतात. ग्रामसेविका काकुळतीला यायची. "दाजी, घरी जा ना. तुमच्यामुळे मला धड फोनवर बोलता येत नाही." दाजी म्हणायचे, "बोला की. मोठ्यानं बोला. फोन पंचायतीचा आहे, म्हणजे माझाच आहे." शेटजींचा मॅनेजर आला, दाजींना पाहून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मागच्या दाराने आला तर दाजी बाक उचलून मागच्या दाराशी गेलेले. सणाची सुट्टी गेली, थंडी गेली, बाकावर दाजींच्या बसण्याचा खळगा पडला. आक्का मला फोन करून म्हणायच्या, "तिथेच अंथरूण नेऊन देऊ का?" शेवटी शेटजी जातीने आले. "काय दाजी! तुमचा तारपा फार छान होता हो!" दाजी म्हणाले, "बारकीला दाखल्याआधी जे भरावं लागतं ते तुम्हीही भरा. पुन्हा वाजवू." शेटजींनी ग्रामसेविकेकडे पाहिलं. ग्रामसेविकेने दाजींकडे पाहिलं, आणि तिचा, म्हणजे एका वैतागलेल्या बाईचा, आवाज कधी नव्हे तो खणखणीत निघाला: "नियम सगळ्यांना सारखाच आहे, शेटजी." शेटजींनी सगळी थकबाकी भरली. कायद्याच्या धाकाने नव्हे, दाजींच्या कंटाळ्याने. कर वसुलीच्या या पद्धतीचा वरच्या लोकांनी विचार करावा असं मला फार वाटतं. तेवढे दाजी मात्र देशात मिळायचे नाहीत, आणि मिळाले तर तेवढ्या आक्का मिळायच्या नाहीत.

पैसा आला, आणि आता दाजी गप्प बसतील असं समजून मी चार दिवस गावी जाऊन आलो. परत येतो तो मे महिन्याच्या ग्रामसभेची दवंडी झाली होती आणि दाजी पेटलेले होते. सरपंचांना आता कमान पटली होती. गावाच्या वेशीवर सिमेंटची भव्य कमान, वर दोन हत्ती, मध्ये 'सुस्वागतम्'. "पाड्याचं पुढच्या वर्षी बघू," असंही त्यांना पटलं होतं. सभेला मंडपात ऊन असं तापलं होतं की खुर्च्यांवरून माणसं उचकटून काढावी लागत होती. प्यायला पाणी म्हणून टेबलाजवळ एकच मोठा माठ. दाजी उठले, माठ उचलून माझ्या खांद्यावर दिला, पेल्यांचं तबक स्वतः घेतलं आणि म्हणाले, "चला, साडूबुवा. वाढायला घ्या." मी म्हटलं, "कुठून?" म्हणाले, "तुम्हाला लग्नातलं काही आठवत नाही का?" आम्ही मंडपाच्या मागच्या टोकाला गेलो. तिथे जमिनीवर पाड्यातल्या बायका बसल्या होत्या. तिथून सुरुवात केली. मी ओतत होतो, दाजी पेले देत होते, आणि पुढे टेबलावर सरपंच कमानीच्या हत्तींविषयी बोलता बोलता ओठांवरून जीभ फिरवत होते. चाळीतल्या लोकांना मिळालं, दुकानदारांना मिळालं, आणि पहिल्या रांगेशी आलो तेव्हा माठ उपडा केला तरी त्यातून फक्त मातीचा वास आला.

"दाजी, मला घोटभर तरी..." सरपंचांचा आवाज चिरकला.

"संपलं," दाजी म्हणाले. "तुमचं पुढच्या वर्षी बघू."

मंडप असा काही हसला की ध्वनिक्षेपकवाल्याने घाबरून बटण बंद केलं. सरपंच घामाघूम होऊन उभे राहिले. "द्या हो! पाड्याला तोटी द्या! कमान राहू दे, हत्ती राहू दे, आणि कुणीतरी मला पाणी द्या!" तेवढ्यात मागून बारकी उठून आली आणि स्वतःचा अजून न उष्टावलेला पेला तिने त्यांच्यापुढे ठेवला. सरपंचांना तिचंही पटलं.

पावसाच्या आधी पाड्याला तोटी आली. दाजींनी स्वतः उभं राहून आटे आवळून घेतले, प्लंबरला रडवलं आणि तोटीवर हात ठेवून जाहीर केलं, "हा नळ माझा आहे." कथा इथे संपवायला मला फार आवडलं असतं. पण शेटजी आता पट्टी भरलेले नागरिक होते, आणि पट्टी भरलेल्या नागरिकाचा जो हक्क असतो तो त्यांनी वाजवून मागितला: गोदामाला आणि सगळ्या बंगल्यांना नवी, जाडजूड नळजोडणी. ती त्यांना मिळाली. टाकी तेवढीच. पाइपाच्या अगदी टोकाच्या गल्लीत, म्हणजे दाजींच्या, पाणी आधी बारीक झालं, मग एक दिवसाआड झालं, आणि आता कधी येतं ते पंचांगात बघावं लागतं. गल्लीतले लोक जमले. "दाजी, ओरडा ना! एरवी खांबासाठी ओरडता!" दाजी पायरीवर बसून म्हणाले, "काय म्हणून ओरडू? शेटजींनी भरलंय. बारकीनं तर कधीच भरलं होतं. पाणी वरून वाढत येतंय. आपलं पान शेवटचं आहे." एवढंच. उभ्या आयुष्यात ज्या एका ठिकाणी ओरडून त्यांचा फायदा झाला असता तिथे या माणसाने तोंड उघडलं नाही. मोठ्या टाकीचा अर्ज मात्र ते दर ग्रामसभेला देतात, आणि सरपंचांना तो दर वेळी पटतो.

झऱ्याची फेरी वाचल्यामुळे बारकीला एका कारखान्यात पॅकिंगचं दिवसभराचं काम धरता आलं. तिने भांडी सोडली. "नळ गेला, बाई गेली," आक्का कपाळाला हात लावून म्हणतात, "आणि घरात राहिले कोण, तर हे!" दोन घरं पलीकडे कुणाची तरी बोअरिंग आहे, तिथून आक्का कळशी आणतात. दाजींनी बादल्या आणायचा हट्ट धरला होता, पण त्यांचे गुडघे गेले आहेत. बाकावर बसून गेले असं आक्का म्हणतात, फेरात हलून गेले असं मी म्हणतो. टेकडी चढणं तर आता बंदच. बाजारात जाणंही कमी झालं. परवा त्याच खांबाला कुणी तरी फलक बांधत होतं. मी खालून जाताना क्षणभर थांबलो, कान देऊन. कुणी ओरडलं नाही. फार चुकल्यासारखं वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

गेल्या रविवारी दाजींनी मला हुकूम सोडला: वर जा आणि माझा नळ बघून ये. मी भर उन्हात ती टेकडी चढलो, मनातल्या मनात सगळ्या सासुरवाडीचा उद्धार करत. बारकी सुट्टीची घरीच होती, तोटीखालून भरलेला हंडा बाजूला घेत होती.

"दाजींनी विचारलंय," मी धापा टाकत म्हणालो, "त्यांचा नळ कसा आहे?"

तिने तोटी बंद केली, घट्ट बसली का ते बोटाने चाचपलं. "बरा हाय. गळत नाय, सांगा." मग हंडा डोक्यावर घेता घेता थांबली. "काकांच्या गल्लीत पानी येतं ना?"

एरवी थापा मारायला मला कुणाच्या मदतीची गरज लागत नाही. पण त्या वेळी थाप नको वाटली. "विचारून सांगतो," म्हटलं, आणि उतरलो.

दाजी पायरीवर बसले होते. समोर दोन कोरड्या बादल्या, आणि डोकं जरासं कलतं करून कान नळाकडे. पलीकडून आक्का कमरेवर कळशी घेऊन सावकाश येत होत्या.

"गळत नाही ना?"

"नाही म्हणाली. आणि तुमच्याकडे पाणी येतं का, असं विचारलंय तिनं."

दाजींनी बादल्यांकडे पाहिलं. मग आक्कांकडे. छत्रीचं टोक त्यांनी पायरीवर हळूच टेकवलं.

"सांगा तिला," ते म्हणाले. "येतं."